परक्या मांडीवरची झोप

ट्रॉलीबसमध्ये त्या अनोळखी बाईनं अक्मारलला मांडीवर घेतलं आणि दोन थांबे जायच्या आत पोर झोपून गेली. तसं पाहिलं तर यात काही विशेष नव्हतं. बसलेल्या बाईनं उभ्या बाईचं मूल मांडीवर घ्यायचं, न विचारता घ्यायचं, ही बिश्केकमधली रोजची गोष्ट. सैराकुलनं स्वतः कितीतरी परक्या पोरांची नाकं अशी बसमध्ये पुसली होती. आज तिच्या एका हातात ओश बाजारातून आणलेल्या पाल्याची पिशवी होती, दुसऱ्या हातावर नात. बस वळणावर कलली तशी ती बाई म्हणाली, “द्या इकडं. कुठवर पेलाल?” बाई जाडजूड होती, चाळिशीची, अंगात धुऊन धुऊन विटलेला सुती झगा. नखांत माती होती. बटाटे विकत असावी. तिनं अक्मारलला गुडघ्यावर बसवलं, तिच्या गळ्याला हात लावला आणि बसभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अगं बाई, एवढ्या उन्हात उंटाची लोकर! पोर आहे का तंदूरमधला साम्सा?” मागं कुणीतरी हसलं. सैराकुल म्हणाली, “थंडी शिरलीय तिच्या अंगात.” “शिरली असेल तर बाहेर पडायला वाट तरी द्या तिला,” असं म्हणत बाईनं बंडीची बटणं काढलीसुद्धा. बंडी तिनं गुंडाळून सैराकुलच्या पिशवीत कोंबली, पोरीचं डोकं आपल्या छातीवर टेकवलं आणि खिडकीबाहेर रस्त्याकडेला रचलेल्या टरबुजांकडे पाहत बसली, जणू काही झालंच नव्हतं.

सैराकुल वरचा दांडा धरून उभी राहिली आणि पाहत राहिली. अक्मारलचे हात उघडे पडले होते, तळवे वर. बोटं सैल. झोपेत तिची बोटं कधी अशी नसत. झोपेतही ती आपली कोपरं शोधत असायची, गुडघ्यामागची खाच शोधत असायची, मानेवरची लाल रेघ शोधत असायची, आणि सैराकुल त्या बोटांना आपल्या मुठीत धरून पहाटेची वाट पाहायची. पोर तीन वर्षांची होत आली, पण तिला अशी झोपलेली, पाण्यातून काढून ठेवलेल्या मऊ दगडासारखी, सैराकुलनं पाहिलीच नव्हती. आणि पाहिली तर कुणाच्या मांडीवर? तिला आनंद झाला नाही. दुसऱ्याच्या अंगणात आपली मेंढी मुकाट्यानं रवंथ करताना दिसावी तसं वाटलं. आपला थांबा आला तेव्हा तिनं जरा जोरातच पोरीला उचललं. बाई म्हणाली, “झोपू द्या हो, पुढच्या थांब्यावर उतरा.” सैराकुलनं ऐकलं नाही. उतरताना तिनं मागं वळून आभारही मानले नाहीत. चौकातून घराकडे चालताना पोरीचा गाल सैराकुलच्या स्वतःच्या लोकरी बंडीला टेकला होता, आणि औषधाच्या दुकानापाशी पोचायच्या आत पोरीचा हात उठला, मानेकडे गेला, आणि नखं चालू झाली.

घर चौथ्या मजल्यावर. जिना चढताना सैराकुल रोज कठड्याला धरून दोनदा थांबायची. आज ती थांबली नाही. दार उघडलं आणि घराचा वास आला. इतकी वर्षं ती या वासात राहत होती, की तो तिला येतच नसे. आज आला. ओल्या मेंढीचा, साबणाचा, रंगाच्या कढईचा. भिंतीला टेकलेली पिंजलेल्या लोकरीची पोती, जमिनीवर लोकर दाबून केलेला, अर्धा कापलेला नमदा, त्यावर खडूनं काढलेली शिंगांची नक्षी, खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारे बारीक बारीक तंतू. नवरा गेल्यावर कोच्कोर गावाहून इथं मुलाकडे आली ती हे हात घेऊनच आली. नमदे करून विकले, मुलाचं, मिर्लानचं, लग्न केलं, याच खोलीत सून आणली. हे तंतू आपल्याप्रमाणे पोरीच्याही नाकातोंडात, कातडीत जात असतील, असा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो लगेच बाहेर हाकलला. लोकरीनं कधी कुणाचं वाईट केलंय? माणूस जन्मतो लोकरीत, मरतो तेव्हा त्याला नमद्यावरच निजवतात. तिनं पिशवीतला पाला काढून ओट्यावर पसरला. बाजारातल्या म्हातारीनं सांगितलं होतं, हा उकळायचा, पाणी काळ्या चहासारखं झालं की त्यात पोरीला बुडवायचं, जितकं सोसवेल तितकं गरम.

पोर तिची होती. हे कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. पहिलं नातवंड आजीचं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. बेगाइमनं, सुनेनं, पोरीला जन्म दिला तेव्हाच सैराकुलच्या थोरल्या जावेनं, कालिपानं, पोर उचलून तिच्या ओटीत ठेवली आणि म्हटलं, “घे, तुझं घर पुन्हा भरलं.” बेगाइमनं मान खाली घातली. तिला आनंद झाला की दुःख, हे त्या वेळी कुणी पाहिलं नाही, सैराकुलनंही नाही. पोरीला दात यायच्या आत मिर्लान आणि बेगाइम मॉस्कोला गेली. तो कुठल्याशा गोदामात, ती एका मोठ्या इमारतीचे जिने धुते. पोर सैराकुलला आपा, म्हणजे आई, म्हणते आणि खऱ्या आईला फोनच्या काचेत पाहून म्हणते, “बेगाइम, तू कुठं आहेस?” जशी शेजारणीला हाक मारावी. सैराकुलला ते ऐकून हसू येई. पोरीच्या गालावर पहिला लाल डाग उठला तो आईचं दूध तुटल्यावर. तेव्हापासून सैराकुल सगळ्यांना तेच सांगत आली: दूध तुटलं, कातडी फाटली. जिच्या घरी चहाला जाई तिला सांगे. ऐकणारी बाई जीभ चुकचुकवायची, आणि त्या चुकचुकण्यात सैराकुलला एक प्रकारची ऊब वाटायची.

आणि मग उपाय. काय केलं नव्हतं तिनं? तमालपत्राचा काढा. काटेरी झुडपावरच्या पिवळ्या बोरांचं तेल. त्यानं पोर किंचाळली होती आणि चादरीवर केशरी डाग पडले ते अजून आहेत. मेंढीच्या जाड शेपटीची चरबी, तीही कालिपानं पाठवलेली, मुरवलेली, मिठाची. मीठ जंतू मारतं, कालिपा म्हणाली होती. सैराकुलनं ती फुटलेल्या कातडीवर चोळली आणि पोरीचे पाय धरून ठेवले. डोंगरातून येणारं काळं शिलाजीत दुधात घालून. डोंगरातल्या आर्चा झाडाच्या फांद्यांचा धूर, रोज तिन्हीसांजेला, खोली निळी होईपर्यंत. दर उपायानंतर चार दिवस बरं वाटे, किंवा बरं वाटतंय असं वाटे, आणि मग खाज परत येई. रागावलेली. हे सगळं करताना तिचे हात कधी थकले नाहीत. पोरीला धरून ठेवण्यात, तिला शेकण्यात, गुंडाळण्यात तिला काहीतरी मिळत होतं. त्याला नाव नव्हतं. असलं तरी तिनं ते विचारलं नसतं.

गुंडाळणं तिला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सोंकोलच्या कुरणावर, जून महिन्यात बर्फ पडलं होतं. मेंढ्या राखेत बसल्यासारख्या बसल्या होत्या. तिची पहिली मुलगी तेव्हा जेमतेम चाळीस दिवसांची. पाळण्यात होती, वर रजई होती, पण पहाटे सैराकुलनं हात लावला तेव्हा गाल तंबूच्या लोखंडी खुंटीसारखा गार होता. त्यानंतर तिनं मिर्लानला जन्म दिला तेव्हा त्याला दोन लोकरी शालींत ठेवलं. उन्हाळ्यात तो घामानं निथळे आणि बायका हसत. हसोत. थंड झालेला गाल ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हसावं. मूल गरम लागलं पाहिजे. हाताला, ओठाला, पोटाला गरम लागलं पाहिजे. एवढं एक माहीत असलं की आईपण निभतं, असं तिला वाटत आलं होतं. आणि आज एका बटाटेवालीनं तिची बंडी काढून पिशवीत कोंबली, आणि पोर झोपली.

पाणी उकळत होतं. तिनं गॅस बारीक केला, मग बंद केला. तिला एकदम ती दवाखान्यातली मुलगी आठवली. डॉक्टरच होती, पण सैराकुलला ती मुलगीच वाटली होती, कानात बारीक मोती घातलेली. मागच्या हिवाळ्यात सैराकुल पोरीला घेऊन गेली होती, कारण कोपरातून पाणी यायला लागलं होतं. त्या मुलीनं पोरीचे हात उजेडात फिरवून फिरवून पाहिले आणि विचारलं, “झोपते कशावर?” सैराकुल अभिमानानं म्हणाली, “कोकराच्या लोकरीवर. माझ्या हातच्या.” मुलीनं पोरीचा हात खाली ठेवला. मग म्हणाली, “आजी, लोकर हिच्यापासून लांब ठेवा. सुती कपडे. खोली गार. आंघोळ कोमट पाण्याची, थोडा वेळच. ओट कापडात बांधून पाण्यात पिळा, पाणी दुधाळ होईल. टिपून घ्या, घासू नका, आणि ओल्या अंगावरच साधं व्हॅसलीन. हे मलम जिथं लाल आहे तिथंच, पातळ.” पोरीला गार ठेवा! घोड्याच्या चाऱ्याच्या पाण्यात बुडवा! बाहेर आल्यावर सैराकुल दवाखान्याच्या पायरीवर थांबून एकटीच हसली होती. मलमाबद्दल कालिपा म्हणाली, “त्यात हॉर्मोन असतात, पोरीला मिशा येतील.” ती नळी सैराकुलनं साखरेच्या डब्यामागं टाकली. आता तिनं डबा सरकवला. नळी तिथंच होती, धूळ बसलेली, टोपण न उघडलेलं.

मग तिनं जे केलं ते चोरून केलं, जरी घरात तिच्याशिवाय आणि पोरीशिवाय कुणी नव्हतं. खालच्या दुकानातून ओट आणले. दुकानदारीण थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी म्हणाली, “लापशी करताय वाटतं, सैराकुल एजे?” तर ती म्हणाली, “हो, दातांना काही चावत नाही आता.” खोटं बोलल्यावर तिला जिन्यात घाम आला. पोरीला कोमट पाण्यात बसवलं, पुरचुंडी पिळली. पांढरं गुळगुळीत पाणी पाहून अक्मारल म्हणाली, “आपा, दूध!” आणि पाण्याला चापट्या मारायला लागली. आंघोळीत ती हसत होती. सैराकुलला ते हसणं ओळखीचं वाटलं नाही. तिनं जुन्या सुती चादरीनं अंग टिपलं, व्हॅसलीन लावलं, लाल जागी नखाएवढं मलम. स्वतःची बंडी काढून बाल्कनीत टाकली आणि कपाटातला फुलाफुलांचा सुती झगा चढवला. पोती बाल्कनीत ओढली, नमदे गुंडाळून ओढले, फरशी ओल्या फडक्यानं पुसली, आणि पुसताना फडक्यावर जमणारी करडी लव पाहून तिचा हात दर वेळी जरा थबकला. पोरीला खिडकीजवळच्या पलंगावर निजवलं, अंगावर नुसती चादर. खिडकी बोटभर उघडी. आणि ती समोर खुर्चीवर बसून राहिली. दर थोड्या वेळानं उठून पोरीच्या गालाला हात लावायची, गाल गार लागला की तिच्या छातीत कुरणावरचं ते बर्फ पडायला लागायचं, मग ती श्वास ऐकायची, आणि पुन्हा बसायची.

कातडी निवत गेली. एकदम नाही. आधी मान, मग गुडघ्यामागं, कोपरं सगळ्यात शेवटी. भेगा मिटल्या, खपल्या गळाल्या, खाली नवी गुलाबी कातडी आली, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. कुणाही आजीनं अशा वेळी दारोदार मिठाई वाटली असती. सैराकुलला मात्र धड बसवेना. ती खोलीतून स्वयंपाकघरात जाई, कशाला आलो ते विसरे, परत येई. एकदा तिनं मुद्दाम, आपल्यालाच न सांगता, पोरीला बाल्कनीतल्या पोत्याजवळ खेळू दिलं. संध्याकाळपर्यंत मनगटावर पुरळ उठली होती. म्हणजे तिनं जे पाहायचं नव्हतं तेही पाहून घेतलं. आता काही शंका उरली नाही. आणि बेगाइम रविवारी येणार होती.

फोनवर बेगाइम सासूला इतकंच म्हणाली होती, “एने, सुट्टी मिळालीय. पोरीला बघून जाते.” पण मागून मिर्लानचा फोन आला होता. तो अडखळत बोलला, लहानपणी खोटं बोलायचा तसा. “आई, बेगाइम म्हणते अक्मारलला घेऊन यावं. तिला रात्र रात्र झोप येत नाही. म्हणते, तिकडं कुणी नीट बघत नसेल.” “कुणी म्हणजे कोण?” सैराकुल म्हणाली होती, आणि फोन ठेवला होता. आता ते वाक्य तिच्या कानात भांड्यातल्या माशीसारखं घोंघावत होतं. कुणी नीट बघत नसेल. आणि खरंच, बघितलं नव्हतं. बघितलं ते एका परक्या बाईनं, दोन थांब्यांत. पण हे बेगाइमला कशाला कळायला हवं? पोर तर बरी झाली. बेगाइम येईल, गुलाबी कोपरं बघेल, लाजेल, आणि एकटी परत जाईल. काही सांगायची गरजच काय? तिनं हे इतक्या वेळा मनात म्हटलं की ते पाठ झालं, आणि पाठ झालेल्या गोष्टीसारखं बेचव झालं.

रविवारी बेगाइम आली. बारीक झाली होती, डोळ्यांखाली काळं. दारातच सासूला वाकून सलाम केला, रीतीप्रमाणे, आणि हात पटकन बाह्यांत ओढून घेतले. अक्मारल सैराकुलच्या झग्याआड लपली. “कोण आलंय?” सैराकुल म्हणाली. पोर म्हणाली, “फोनमधली बेगाइम.” बेगाइम हसली. तिनं पोरीला जवळ घ्यायला हात पुढं केले आणि परत मागं घेतले. जवळ घेतलंच नाही. सैराकुलला वाटलं, शहरात राहून गर्वानं ताठली. तेवढ्यात कालिपा आलीच, तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि तिला बोलवावं लागतही नसे. पांढरा मोठा रुमाल डोक्यावर, काखेत वाडगा. “सून आलीय म्हणून कळलं. चला, आईही आहे, पोरही आहे, आज बघूनच टाकू या पोरीला बाहेरचं काय लागलंय ते.”

वाडग्यात पीठ काठोकाठ भरायचं, वर कापड घट्ट बांधायचं, वाडगा उपडा धरून आजारी पोराच्या अंगावरून फिरवायचा, आणि मग कापड सोडून बघायचं, पिठाला कुठं खड्डा पडलाय. सैराकुलनं आयुष्यात हे शेकडो वेळा पाहिलं होतं. कालिपानं अक्मारलवरून वाडगा फिरवला, ओठ पुटपुटत राहिले, पोर गुदगुल्या झाल्यासारखी खिदळली. कापड सोडलं. एका कडेला पीठ खचलं होतं. कालिपानं वाडगा बेगाइमच्या दिशेला वळवला, किंवा वाडगा आधीपासूनच तिकडे होता.

“बघा. डोळ्यांनी बघा. आईकडून आलंय.”

बेगाइम चहा ओतत होती. बाही तळहातापर्यंत ओढून, कापडानं किटली धरून.

“आणि हे काय गं?” कालिपा म्हणाली. “चहा का असा झाकून वाढतेस? तुझ्या घरच्या लोकांना चोरासारखा चहा पाजायची सवय आहे काय? दाखव हात.”

“काही नाही, एजे. भाजलंय.”

कालिपानं मनगट धरून बाही वर सारली. सैराकुलनं पाहिलं आणि तिला क्षणभर वाटलं की आपण अक्मारलचाच हात पाहतोय, फक्त मोठा झालेला. बोटांच्या पेरांवर भेगा, लाल, कडा पांढऱ्या, अंगठ्याजवळ रक्त सुकलेलं. जिने धुण्याचं पाणी. पण नुसतं पाणी नव्हे. त्या मनगटाच्या खाचेत, कोपराच्या घडीत जुने, निवलेले, काळसर डागही होते. लहानपणापासूनचे.

“हे घे!” कालिपा जवळजवळ आनंदानं ओरडली. “मी म्हणत नव्हते? हिच्याच रक्तातलं. लपवून आणलं घरात, आणि पोरीला दिलं. सैराकुल, तू पोरीला हिच्या हातात देऊ नकोस. मी सांगते. मिर्लानला मी सांगते. वर्षभर हिनं तोंड दाखवू नये इकडं. बघ ना, तुझ्याकडे राहून पोर कशी लोण्यासारखी झाली!”

बेगाइमनं मान वर केली नाही. किटली ओट्यावर ठेवली, बाही खाली ओढली आणि ती कापसाच्या गासडीसारखी उभी राहिली, कुणी उचलून नेईल तिकडे जाणारी. इतकं सोपं होतं. सैराकुलला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, चहाचा पेला उचलायचा होता, जीभ चुकचुकवायची होती. तिनं पेला उचललाही. पण त्या हातांकडे तिची नजर पुन्हा गेली. पोरीला जवळ घ्यायला पुढं झालेले आणि मागं गेलेले हात. गर्व नव्हता तो. आपल्या भेगा पोरीच्या गालाला टोचतील म्हणून मागं घेतले होते. जे बेगाइमला दारात पाऊल टाकताच कळलं ते सैराकुलला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, आणि कळल्यावर तिनं ते बाल्कनीत लपवून ठेवलं होतं.

“पोर लोण्यासारखी झाली ती मी लोकर बाहेर काढली म्हणून, एजे,” सैराकुल जावेला म्हणाली.

“काय?”

“लोकर. माझी बंडी, माझे नमदे, माझी पोती. डॉक्टरनं मागच्या हिवाळ्यात सांगितलं होतं, लांब ठेवा. मी नाही ठेवली. तुझी मिठाची चरबी चोळली. धूर केला. गरम पाण्यात बुडवली. खाज असेल हिच्या रक्तातली. तिला रोज सरपण घातलं ते मी.”

कालिपानं वाडगा काखेत मारला. पीठ फरशीवर सांडलं. “तुला शहर बाधलं,” ती म्हणाली. “लोकर म्हणे! आपल्या सात पिढ्या काय कागदात निजल्या? उद्या म्हणशील, आईच्या मायेनं मूल आजारी पडतं.” दारापाशी ती थांबली, काही उत्तर येईल म्हणून. सैराकुलनं चहाचा पेला खाली ठेवला. तिचे पाय जिन्यावर खाली उतरत गेले.

स्वयंपाकघरात दोघी राहिल्या. बेगाइमनं किटलीचं झाकण नीट बसवलं. मग तिनं हळू विचारलं, “मागच्या हिवाळ्यात?”

“हो.”

“मागच्या हिवाळ्यात तिच्या कोपरातून पाणी येत होतं. तुम्ही फोन लांब धरायचात. मला दिसू नये म्हणून. पण मला ऐकू यायचं, एने. ती खाजवायची ते मला तिकडे ऐकू यायचं.”

सैराकुलला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. सुनेनं सासूवर ओरडल्यावर सासूला रागावता येतं. बेगाइम ओरडली नाही. ती म्हणाली, “मी मॉस्कोला नाही परत जात. माझी मैत्रीण शिवणाच्या कारखान्यात आहे, इथंच, दोर्दोय बाजाराच्या बाजूला. सुती फ्रॉक शिवतात. तिच्या खोलीत जागा आहे. मी अक्मारलला घेऊन जाते.”

“तिथं कोण बघेल तिला? तू कामावर असताना?”

“त्यांची बघणारी आहे. कारखान्यातच ठेवतात पोरं.”

“हात असे घेऊन सुई धरशील?”

“धरीन.”

सैराकुलच्या तोंडात वाक्यं येत होती, एकामागून एक, मेंढवाड्याच्या दारात अडकलेल्या मेंढ्यांसारखी. पहिलं नातवंड आजीचं. माझं घर. मी पोत्यांसह निघून जाईन, पण ती इथं राहू दे. मी लोकर जाळून टाकते. हे शेवटचं खरं होतं का, हे तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायला थोडा उशीर झाला. त्या उशिरातच सगळं आलं. बेगाइमनंही तो उशीर पाहिला असावा. “घेऊन जा,” सैराकुल म्हणाली.

कपडे बांधताना अक्मारल दोघींच्या मध्ये नाचत होती. टॅक्सीत बसायला मिळणार म्हणून खूश होती. सैराकुल बोलत सुटली. पाणी कोमट, आपलं कोपर बुडवून बघायचं, हाताचा भरवसा नाही. ओट आधी भिजव, मग पुरचुंडी पिळ. टिपून घे. अंग ओलं असतानाच व्हॅसलीन, वाळलं की उपयोग नाही. मलम लाल जागीच, आणि संपलं की त्या दवाखान्यातल्या कानात मोती घालणाऱ्या मुलीकडेच जा, दुसरीकडे नको, आणि तुझे हातही तिला दाखव. नखं आठवड्याला काप, झोपेत काप, जागेपणी ओढते. उजव्या कुशीवर निजते. बेगाइम प्रत्येक गोष्ट पुन्हा स्वतःशी म्हणत होती, शाळेतल्या मुलीसारखी. मलमाची नळी हातात देताना सैराकुलचा हात थांबला. तिनं टोपण काढलं, बेगाइमची बाही वर सारली आणि अंगठ्याजवळच्या भेगेवर, जरासं, पातळ, मलम लावलं. बेगाइमनं दात आवळले. “झोंबतं?” “थोडं.” “मग दुसरा हात दे.” सुनेच्या हाताला तिनं याआधी कधी हात लावला नव्हता. तिची स्वतःची बोटं इतकी खरखरीत होती की मलम लावतानाही ओरखडा उठेल अशी तिला भीती वाटली, म्हणून तिनं बोटाच्या मागच्या बाजूनं पसरलं.

खालून टॅक्सीनं भोंगा वाजवला. जिन्यावरून पोरीची बडबड ऐकू येत राहिली, “बेगाइम, समोर बसू? बेगाइम, मी समोर बसणार,” मग ती बडबड खालच्या दारापाशी लहान झाली आणि बंद झाली. सैराकुल खिडकीकडे गेली नाही. तिनं पेले विसळले. कालिपाचं सांडलेलं पीठ पुसलं. मग ती बाल्कनीत गेली आणि पोती आत ओढून आणली, नमदा पसरला, खडूची नक्षी अर्धवट राहिली होती तिथं सुरी लावली. आता काही मनाई नव्हती. खोलीत लोकरीचा वास भरला, आणि तो आता तिला येतच राहिला, जाईना. ती कापत बसली. ऊन भिंतीवरून सरकलं. खोली इतकी शांत होती की शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, आणि त्या शांततेत, सावकाश, कुणीतरी खाजवत असल्याचा आवाज येऊ लागला. ती सुरी टाकून उठली, पलंगाकडे निघाली, आणि पलंग रिकामा दिसल्यावर थांबली. आवाज चालूच होता. तिनं खाली पाहिलं. तिचा उजवा हात डाव्या हातावर चालत होता, मनगटापासून कोपरापर्यंत, न थांबता. तिनं हात उजेडात धरून पाहिला. कातडी साफ होती, सुरकुतलेली, एक डाग नाही. तरी खाज कमी होईना.